पाच दिवसांची रेष

कत्तिरी लागली की आमच्या वेस्ट मांबलममध्ये माणसं एकमेकांच्या नळाकडे कान लावून बसतात. कत्तिरी म्हणजे चेन्नईच्या उन्हाळ्यातले सगळ्यात कडक असे तीनेक आठवडे. पंचांगात त्यांची सुरुवात आणि शेवट छापलेला असतो, त्यामुळे इथे ऊनसुद्धा वेळेवर कामाला येतं अशी माझी समजूत झाली आहे. परवा ती पुन्हा लागली. सकाळी आठलाच गच्चीची फरशी चटके देऊ लागली, गल्लीच्या तोंडाशी ताडगोळेवाला बसू लागला, दारादारांत प्लास्टिकच्या रंगीत घागरी रांगेने दिसू लागल्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादल्या भरत होतं, आणि मी तव्यावर पोळी टाकून मोजत उभी राहिले. एक बादली, दोन, तीन. इतकं पाणी कशाला लागतं यांना? पोळी करपली.

संशय हा माझा जुना सोबती. सांगलीला लहानपणी आई म्हणायची, "ही कार्टी दूधवाला हसला तरी विचारते, का हसला." पुढे त्याच संशयावर मी पोट भरू लागले. पेरुंगुडीच्या एका ऑफिसात मी आकडे बघते. कशाचा खप वाढतोय, कशाचा घसरतोय, आणि घसरतोय असं वाटतं ते खरंच की नुसता एखादा वाईट दिवस, हे सांगायचा मला पगार मिळतो.

रोजचे आकडे मोठे नाचरे असतात. आज वर, उद्या खाली. त्यांच्याकडे नुसतं बघून काही कळत नाही, म्हणून आम्ही चल सरासरी काढतो. गेल्या पाच दिवसांचे आकडे घ्यायचे, बेरीज करून पाचाने भागायचं, एक ठिपका मांडायचा. दुसऱ्या दिवशी त्यातला सगळ्यात जुना दिवस सोडायचा, नवा धरायचा, पुन्हा भागायचं. असे ठिपके जोडत गेलं की नाचरेपणा जातो आणि एक मऊ रेष उरते. ती चढते की उतरते एवढंच पाहायचं. हे मी एकदा आईला फोनवर समजावलं, तर ती म्हणाली, "म्हणजे भांडखोर माणसाला झोप लागली की मग त्याचा फोटो काढायचा." तेव्हा मी खूप हसले होते. आईला आकड्यांतलं काही कळत नाही असं ऑफिसातल्या मैत्रिणींनाही सांगितलं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पाऊस आधीच्या वर्षी हुलकावणी देऊन गेला होता. फाल्गुनातच कडुलिंबाचा मोहोर वाळून जिन्यात उडू लागला. गल्लीत टँकर आला की त्याच्या मागे रस्त्यावर पाण्याची ओली रेघ उमटायची आणि दोन मिनिटांत सुकायची. आमच्या इमारतीत बारा घरं, आणि मागच्या अंगणात एक जुनी विहीर, वर लोखंडी जाळी घातलेली. मोटार रोज सकाळी आठला सुरू होते, पाऊण तासात गच्चीवरची टाकी भरते. विहिरीचं पाणी खारट, त्यामुळे ते धुण्याभांड्याला आणि आंघोळीला. पण तेच आटलं तर बारा घरांनी काय करायचं?

विहिरीची पातळी मोजायचं काम माधवराव मामांकडे होतं. मामा म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त रेल्वे कारकून, सत्तरी ओलांडलेले, तंजावूरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांच्याकडे एक दोर होता, हातहात अंतरावर गाठी मारलेला आणि टोकाला पितळी लोटा बांधलेला. सकाळी साडेसातला ते जाळीची झडप उघडत, दोर सोडत, गाठी मोजत, आणि लांबट वहीत तारीख, वार, आकडा लिहीत. चष्मा पुसून झाला की मला हाक मारून सांगत, "अम्मा, आज अर्धी गांठ खालीं गेलें पाणी. मुरुगा देवच राखो." इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक दिवस दांडी मारली नव्हती, असं ते स्वतःच सांगत. वहीतही एक दिवस सुटलेला नव्हता.

आणि तळमजल्यावर तुळजा अक्का. तीही तंजावूरकडचीच, पन्नाशीची, एकटी, भाड्याने राहणारी. मी चेन्नईत नवी होते तेव्हा जिन्यात फोनवर सांगलीशी बोलत होते, तर दारातून ती म्हणाली, "अगो, तूं आमचीच भाषा बोलतेस की! पण किती घाईनें. कोण पाठीं लागलें आहे?" त्या दिवशी तिने मला हाताला धरून आत नेलं आणि गरम भातावर वत्तकोळंबू, चिंचेची आंबट-तिखट आमटी, वाढली. या शहरात माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलं माणूस. अक्का डबे करायची. तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये एकेका खोलीत तीन-तीन जण राहतात ना, नोकरीसाठी आलेले, तसल्या चाळीसेक जणांचं दुपारचं जेवण. सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार ते लोक गावाला जातात नाहीतर दुपारपर्यंत लोळतात, म्हणून तिची चूल बंद. साडेदहाला एक रिक्षावाला येऊन डब्यांच्या पिशव्या घेऊन जाई, आणि दुपारभर तिच्या मोरीतून भांडी घासल्याचा आवाज येई. तो आवाज आठ वर्षं सगळ्यांनी ऐकला होता. त्या उन्हाळ्यात तो सगळ्यांना खटकायला लागला.

कुणी सुरुवात केली ते आता सांगता येणार नाही. बहुतेक सेक्रेटरी सुंदरम यांनी. दुसऱ्या मजल्यावरचे, बँकेतले, घामाने चिंब शर्ट आणि बोलणं अगदी हळू. एकदा गेटपाशी मला म्हणाले, "मॅडम, चाळीस माणसांची भांडी. नीट विचार करा." मी विचार केला नाही असं नाही. मी भलताच विचार केला. दुपारी घरून काम करत असले की मोरीचा आवाज किती वेळ चालतो ते बघू लागले. अक्काच्या दारात वाळणारी भांडी मोजू लागले. जिन्यात ती दिसली की पूर्वीसारखीच हसायचे, आणि हसता हसता तिच्या पदराचं ओलं टोक बघायचे. आज हे लिहिताना मला माझीच किळस येते.

मग एका रविवारी सुंदरम म्हणाले, तुम्ही आकड्यांतल्या, एकदा मामांची वही बघाच. मला काय, तेच हवं होतं. वही घरी आणली, दोन महिन्यांचे आकडे कॉम्प्युटरवर चढवले. ठिपके मांडले तर सगळी विस्कटलेली रांगोळी. दोर कधी तिरका जातो, लोटा कधी बुडून मोजला जातो, त्यामुळे एकही दिवस धड दुसऱ्यासारखा नाही. मधूनच एखादा ठिपका बराच खाली. मी नेहमीप्रमाणे पाच दिवसांची सरासरी काढली. पाचच का, असं मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. आमच्या ऑफिसात आठवडा पाच दिवसांचा असतो, आकडे कामाच्या दिवसांचेच येतात, बोटं आपोआप पाच हा आकडा दाबतात.

रेष आली आणि माझ्या अंगावर काटा आला. दर सोमवारी ती खाली जात होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार खालीच राहत होती. शनिवारी वर उसळत होती, रविवारी वर राहत होती, आणि सोमवारी पुन्हा खाली. एका आठवड्यात नाही, झाडून सगळ्या आठवड्यांत. सोमवार ते शुक्रवार! इमारतीत सोमवार ते शुक्रवारच जास्त पाणी लागणारं घर एकच होतं. मला आठवतं, मला आधी वाईट वाटलं नाही. आधी आनंद झाला, संशय खरा ठरल्याचा. वाईट नंतर वाटलं, तेही बेताचंच.

मीटिंग गच्चीवर झाली, संध्याकाळी समुद्राकडचा वारा सुटतो त्या वेळेला. एका कोपऱ्यात कुणाचे तरी तांदळाचे वडाम वाळत होते, त्यांना पाय लागू नये म्हणून सगळे दाटीने बसले होते. मी लॅपटॉप सुंदरमच्या खुर्चीवर ठेवला. रेष बघितल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी "आहा" केलं आणि अक्काकडे पाहिलं. अक्का पुढे झाली, पदराला हात पुसत तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे शनिवारीं मी निजतें आणि विहीर उठते, असेंच ना?" ती मला म्हणाली. "मी दोन घागरींत भांडीं काढतें, अगो. तूं येऊन पाहा की."

मी म्हटलं, "अक्का, मी काही म्हणत नाही. आकडे म्हणतायत."

हे वाक्य मी ऑफिसात किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. तिथे त्याने भांडणं मिटतात. इथेही मिटलं. अक्का पुन्हा पदराला हात पुसत मागे सरली. माधवराव मामा खाली मान घालून बसले होते, त्यांचीच वही, त्यांचेच आकडे, ते तरी काय बोलणार. ठराव असा झाला की पाऊस येईपर्यंत सोमवार ते शुक्रवार तळमजल्याचा विहिरीचा नळ बंद. सुंदरम अगदी हळू आवाजात म्हणाले, "तप्पा निनैक्कादींग, अम्मा," म्हणजे वाईट वाटून घेऊ नका. नळाशिवाय चाळीस डबे होत नाहीत. महिना संपायच्या आत अक्काने खोली सोडली आणि तिरुवल्लिकेणीला गेली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी ऑफिसात होते. मुद्दाम लवकर निघाले होते.

त्याच सुमारास मामा पुतणीच्या लग्नाला तंजावूरला गेले, तीन आठवड्यांसाठी, आणि दोर माझ्याकडे सोपवून गेले. मी रोज साडेसातला गाठी मोजायचे, मग आंघोळ, मग ऑफिसची बस. तर काय, सोमवारचा खड्डा नाहीसा झाला. तीन सोमवार मी मोजले, तिन्ही शेजारच्या दिवसांसारखेच. सुंदरमनी मला गेटवर थांबवून हात जोडले. कुणीतरी घरी मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, पाठवली. पाणी अजून उतरतच होतं, पण ते कुणी बघत नव्हतं. चोर सापडला होता ना. मीसुद्धा रात्री छान झोपत होते.

मामा परतले. दोर त्यांच्या हाती गेला. पहिल्याच सोमवारी वहीत आकडा एकदम खाली.

मी वही घेऊन तळमजल्यावर गेले. अक्काच्या दाराला कुलूप होतं. उंबऱ्यापुढे कडुलिंबाची पानं साचली होती, महिनाभर कुणी कोलमची रांगोळी काढली नव्हती. मोरीच्या भोकाशी कोळ्याने जाळं विणलं होतं. मग पाणी कुणी उपसलं? माझा पहिला संशय कुणावर गेला असेल? वरच्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यावर. खरंच सांगते, अक्का निर्दोष आहे हे मनात यायच्या आधी दुसरा आरोपी माझ्या मनात उभा राहिला होता.

पुढच्या सोमवारी मी घरून काम घेतलं आणि सकाळी सातपासून मागच्या बाल्कनीत उभी राहिले. विहिरीवर नजर ठेवून. साडेसात झाले, मामा आले नाहीत. पावणेआठ. आठला मोटार घरघरू लागली. पावणेनऊला थांबली. नऊ वाजून पाच मिनिटांनी मामा दोर खांद्यावर टाकून, कपाळाला ताजी विभूती लावून, अगदी सावकाश आले. मी धावत खाली गेले.

"मामा, आज उशीर?"

"उशीर कसला?" ते म्हणाले. "सोमवार नाहीं का? साडेसात ते नऊ राहुकालम्. राहुकालांत पाण्यांत दोर कोण सोडील, अम्मा? सोमवारीं मी नेहमीं नवानंतरच मोजतों."

"नेहमी?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्हीं कधीं विचारलें नाहीं."

तिथेच जाळीच्या कठड्यावर मी बसले. सोमवारचा आकडा मोटार चालल्यानंतरचा होता. बाकी सहा दिवसांचा मोटारीआधीचा. टाकी भरली की विहीर खाली जाणारच, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत झऱ्यांनी पुन्हा भरणारच. खड्डा फक्त सोमवारचा होता, मंगळवारचा नाहीच, बुधवारचा नाहीच. मूळच्या ठिपक्यांत ते दिसत होतं. पण मी पाच दिवसांची सरासरी घेतली, आणि प्रत्येक सोमवार त्याच्या पुढच्या चार दिवसांच्या बेरजेत जाऊन बसला. शुक्रवारपर्यंत तो त्यांना खाली ओढत राहिला. शनिवारी बेरजेतून बाहेर पडला, की रेष वर. सोमवार ते शुक्रवार हा हिशेब विहिरीचा नव्हता, अक्काचाही नव्हता. तो माझ्या ऑफिसचा होता. विहिरीला शनिवार-रविवारची सुट्टी नसते हे मला सुचलं नाही.

त्याच दुपारी मी सात दिवसांची सरासरी काढली. सात दिवस घेतले की प्रत्येक बेरजेत एक सोमवार येतोच, कुणाच्या वाट्याला जास्त नाही, कमी नाही. लाटा सगळ्या गेल्या. उरली एक साधी रेष, मार्चपासून एका चालीने उतरत आलेली. अक्का असताना जशी, तशीच अक्का गेल्यावर. कुणी पाणी चोरत नव्हतं. जमिनीतलं पाणीच संपत चाललं होतं, बाराही घरांचं.

हल्ली ऑफिसात एखादी रेष फार शहाण्यासारखी वागली की मी तिच्या वाटेला जात नाही, आधी तिचे ठिपके मागते. हा आकडा कुणी लिहिला, किती वाजता, तेव्हा त्याच्या मनात काय होतं, असले प्रश्न विचारते. नवी पोरं वैतागतात. वैतागू देत. मऊ रेष मला आता लबाड वाटते, आणि ती काढणारी बाई त्याहून.

तिरुवल्लिकेणीला मी कागदावर दोन्ही रेषा छापून घेऊन गेले. अक्काची नवी खोली एका मॅन्शनच्या मागच्या बोळात होती, इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ लावावी लागे. वर तारांवर चाळीस शर्ट वाळत होते. अक्का दारातच भाजी चिरत बसली होती. मला पाहून तिने विळी बाजूला सारली, चटईची वळकटी उलगडली, आणि "बैस," म्हणाली. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, राहुकालम्, मोटार, पाच आणि सात, बोटाने रेषा दाखवत. तिने कागद हातात घेतला नाही.

"हें मज कां दाखवतेस?" ती म्हणाली. "मज ठाऊकच होतें."

मी कागदाची घडी घालू लागले, तशी तिने विचारलं,

"इमारतींतल्यांस सांगितलेंस?"

मी नाही म्हटलं. मी सरळ इकडे आले होते. बसमध्ये वाटत होतं, हा माझा प्रामाणिकपणा. पण आता माझा त्यावरही संशय आहे. एका माणसाची एका बोळात माफी मागणं सोपं होतं, म्हणून तर मी आधी तिथे गेले नसेन? अक्का मला रागावली नाही, रडली नाही. पुन्हा विळी पुढे ओढून कोहळ्याची फोड धरली आणि म्हणाली, "त्यांस सांग. मज भाजी चढवायची आहे."

त्या रविवारी मी सुंदरमना मीटिंग बोलवायला लावली. तीच गच्ची, तोच वारा. मी उभी राहिले आणि सांगितलं की माझी रेष चुकीची होती, आणि कशी चुकीची होती. मामा कावरेबावरे झाले, तेव्हा मी दोनदा म्हटलं, मामांनी वेळ लपवली नव्हती, मी विचारली नाही, चूक माझी. तळमजल्याच्या अक्कांनी एक थेंबही जास्त घेतला नव्हता, आणि आपण त्यांना घर सोडायला लावलं.

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असं फार वाटत होतं. मग सुंदरम म्हणाले, "परवाइल्लै, मॅडम," म्हणजे काही हरकत नाही, "इतके आकडे, होतं असं." कुणीतरी म्हणालं, तुम्ही स्वतःहून सांगितलंत, केवढा मोठेपणा. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि लगेच सगळे टँकर कधी मागवायचा त्यावर बोलू लागले. मला माफ करायला बारा घरांना दोन मिनिटं लागली. अक्का त्याच गच्चीवर म्हणाली होती, येऊन पाहा. जिना उतरून तिच्या दोन घागरी बघायला आमच्यातलं कुणी गेलं नव्हतं. तिला परत बोलवू या का, असंही कुणी म्हणालं नाही. सुंदरमच्या बायकोने स्टीलच्या पेल्यातून वाफाळती कॉफी आणून पहिली माझ्या हातात दिली, आणि मी ती प्यायले.